ऑक्टोबरमध्ये नॉर्थ डकोटाचा हवामान अंदाज रोज का बदलतो? फार्गोहून बिस्मार्कला निघताना त्यात काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की फोनवरच्या ॲपने शनिवारसाठी सोमवारी आठ इंच बर्फ दाखवलं, मंगळवारी नुसता पाऊस, बुधवारी पुन्हा तीन इंच. आता गाडी काढायची की नाही, आणि यातलं खरं काय? खरं तिन्हींतलं एकही नाही. पाच दिवस आधीचा बर्फाचा आकडा वाचायचाच नसतो.

आपल्याकडच्या ऑक्टोबर हीटचा निदान एक स्वभाव ठरलेला असतो. इथे, अमेरिकेच्या उत्तर सीमेवरच्या या राज्यात, ऑक्टोबरला स्वभावच नाही. पश्चिमेला रॉकी पर्वत आहे, पण उत्तरेला आर्क्टिकपर्यंत आणि दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातापर्यंत हवेला अडवणारं काहीच नाही. फार्गोत महिन्याच्या सुरुवातीला दुपारचं सरासरी तापमान साधारण १७ अंश सेल्सियस असतं, अखेरीस ते १० च्या आसपास येतं. ही सरासरी फसवी आहे, कारण ती २५ आणि २ मिळून बनते. कॅनडात थंडी साठायला लागलेली असते, आखात अजून उबदार असतं. या दोन्हींमधला फरक वाढला की कमी दाबाची क्षेत्रं फार खोल होतात. २६ ऑक्टोबर २०१० ला शेजारच्या मिनेसोटात बिगफोर्क इथे हवेचा दाब ९५५.२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. हा आकडा आपण एरवी समुद्रावरच्या तीव्र चक्रीवादळाच्या बातमीत वाचतो.

अंदाज रोज हलतो त्याचं कारण साधं आहे. शनिवारचं वादळ सोमवारी प्रशांत महासागरावर असतं. तिथे आकाशात उपकरणांचे फुगे पाठवून हवा मोजणारं जवळजवळ कोणी नाही. उपग्रह आणि विमानांच्या नोंदींवर भागवावं लागतं. वादळ पश्चिम किनाऱ्यावर आलं की तिथल्या केंद्रांवरून दिवसातून दोनदा सुटणारे फुगे (फार्गोच्या घड्याळाने सकाळी आणि संध्याकाळी ७ च्या सुमारास) त्याला थेट मोजतात. किनाऱ्यापासून मैदानापर्यंत यायला त्याला साधारण दीड-दोन दिवस लागतात. म्हणून शनिवारच्या प्रवासासाठी खरा उपयोगाचा अंदाज शुक्रवारी पहाटेचा. त्याआधी फक्त ‘काहीतरी येतंय’ एवढंच घ्या. बरीच ॲप्स संगणकी प्रारूपाचा (मॉडेलचा) एकच आकडा उचलून दाखवतात. युरोपीय हवामान केंद्राचं प्रारूप तीच गणितं किंचित वेगळ्या सुरुवातीने ५१ वेळा करतं. त्यांतल्या काहींत शून्य इंच आणि काहींत बारा इंच आले असतील, तर ‘सहा इंच’ ही मधली संख्या कुणाचंच मत नसते.

आता तुमचा रस्ता. आय-९४ महामार्गाने फार्गोहून पश्चिमेला बिस्मार्क सुमारे ३१० किलोमीटर. या भागात शरद ऋतूत मोठं बर्फ आणतं ते बहुतेकदा ‘कोलोरॅडो लो’, म्हणजे कोलोरॅडोच्या बाजूला तयार होणारं कमी दाबाचं क्षेत्र. ते दक्षिणेकडून वर येतं आणि आखाताचं बाष्प सोबत आणतं. (‘अल्बर्टा क्लिपर’ कॅनडातून घसरत येतो. बर्फ कमी, वारा जास्त, आणि तो हिवाळ्यातला पाहुणा.) कोलोरॅडो लोच्या वाटेच्या वायव्येला बर्फ पडतं, आग्नेयेला पाऊस, कधी गडगडाटही. वाट ८०–१०० किलोमीटर सरकली की एकाच दिवशी बिस्मार्कला फावडं आणि फार्गोला छत्री लागते. त्यात उंचीची भर. फार्गो समुद्रसपाटीपासून सुमारे २७५ मीटरवर आहे, वाटेतल्या जेम्सटाउननंतर रस्ता मिझूरी कोटोच्या पठारावर चढतो आणि ५५० मीटरच्या आसपास जातो. एवढ्या चढाने तापमान सुमारे दोन अंश उतरतं. निघताना ३ अंश आणि पाऊस म्हणून निर्धास्त राहिलात, तर मेडिना–स्टीलच्या पट्ट्यात चिकट बर्फ भेटू शकतं. अंदाज फार्गोचा किंवा बिस्मार्कचा नव्हे, मधल्या गावांचा काढा. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या (अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याच्या) संकेतस्थळावर नकाशात नेमक्या जागी बोट ठेवलं की तिथला तासवार आलेख मिळतो.

त्या आलेखात आधी वाऱ्याचे झोत बघा, मग दिशा, मग तापमान शून्याखाली कधी जातं ते, आणि बर्फाचे इंच सगळ्यात शेवटी. सपाट, पीक काढलेल्या शेतांवर दोन इंच कोरडं बर्फही ताशी ७० किलोमीटरच्या वाऱ्यात रस्ता पुसून टाकतं. दक्षिणेचा वारा फिरून वायव्येचा झाला की थंड हवा शिरली समजा. तो तास प्रवासात नको. सगळ्यात वाईट क्रम म्हणजे आधी पाऊस, मग झपाट्याने गोठण. पावसाने रस्त्यावर आधी फवारलेलं मिठाचं पाणी धुऊन जातं, आणि पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये पश्चिम साउथ डकोटात हाच क्रम झाला होता: पावसाने भिजलेली, हिवाळी केस न आलेली गुरं जोरदार वारा आणि रॅपिड सिटीजवळच्या दोन फुटी बर्फात हजारोंनी मेली. जानेवारीत तेवढंच बर्फ त्यांनी बहुधा सोसलं असतं.

इशाऱ्यांची भाषा आपल्या यलो-ऑरेंज-रेडसारखी नाही. ‘वॉच’ म्हणजे शक्यता आहे, बेत सैल ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे येतंय किंवा आलंय. ‘ॲडव्हायझरी’ म्हणजे त्रास होईल, पण वॉर्निंगइतका नाही. ‘ब्लिझर्ड’ची अट बर्फ किती पडलं यावर नसतेच: ताशी ३५ मैलांचा (सुमारे ५६ किमी) वारा किंवा वारंवार तेवढे झोत, आणि पाव मैलाहून कमी दृश्यता, सलग तीन तास. जमिनीवरचं बर्फ उडूनही ब्लिझर्ड होतं. सुरुवातीच्या साधारण अर्ध्या रस्त्याचा अंदाज वेदर सर्व्हिसचं ग्रँड फोर्क्सचं कार्यालय देतं, पुढचा बिस्मार्कचं. दोघांचंही ‘फोरकास्ट डिस्कशन’ वाचा. हवामानतज्ज्ञ आपली शंका तिथे उघड लिहितात. ‘कॉन्फिडन्स लो’ दिसलं की आकडे विसरा.

सहा ते दहा दिवसांचा प्रादेशिक नकाशा वेगळं सांगतो, आणि लोक तिथेच चुकतात. वेदर सर्व्हिसचंच क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर हवामान सरासरीहून उबदार, थंड की जवळपास सारखं, याच्या शक्यता देतं. काहीच कल नसेल तर तिन्हींना ३३ टक्के. ‘थंडीकडे ५० टक्के’ याचा अर्थ वादळ येणार असा नाही. तीन महिन्यांचा नकाशा दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी येतो. ला निना असेल तर हिवाळा थंडीकडे झुकतो, पण त्यावरून ऑक्टोबरचा एखादा शनिवार ठरत नाही.

गाडीचं: काच धुण्याचं उन्हाळी पाणी आत्ताच काढून उणे २० फॅरनहाइटचं भरा, नाहीतर पहिल्याच फवाऱ्याला काचेवर बर्फाचा पडदा येतो. दर १० अंश फॅरनहाइट घसरणीला टायरचा दाब सुमारे १ पीएसआय कमी होतो. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. क्रूझ कंट्रोल बंद ठेवा. फार्गोच्या आसपास शुगर बीटची काढणी चालू असते, ट्रकच्या चाकांचा चिखल पावसात साबणासारखा होतो.

निघण्यापूर्वी राज्याच्या रस्त्यांचा नकाशा बघा किंवा ५११ ला फोन करा. तिथे ‘नो ट्रॅव्हल अ‍ॅडव्हाइज्ड’ असेल तर रस्ता बंद नसला तरी निघू नका. हायवेचं फाटक बंद असेल तर बाजूने काढून जाऊ नका, त्याला दंड आहे. आणि मध्येच अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका. इंजिन थोडा-थोडा वेळच चालवा, आणि प्रत्येक वेळी त्याआधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचं बर्फ काढा. ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.