ठासणीच्या बंदुकीने व्हाइटटेल: आधी ओल सांभाळा

अमेरिकेत व्हाइटटेल हरणामागे पहिल्यांदाच ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद आणि गोळी भरायची बंदूक घेऊन निघालात, तर नेमाइतकीच ओलाव्याची काळजी घ्या. भरण्याआधी रिकाम्या नळीत एक प्रायमर (बारूद पेटवणारी छोटी टोपी) उडवा, म्हणजे उरलंसुरलं तेल निघून जातं. .50 कॅलिबरच्या (अर्धा इंच नळीच्या) इनलाइनला, म्हणजे प्रायमर नळीच्या सरळ मागे बसणाऱ्या आधुनिक ठासणीच्या बंदुकीला, आकारमानाच्या मापाने 100 ग्रेन काळ्या बारुदीचा पर्याय आणि 250 ग्रेन वजनाची सॅबोतली (प्लास्टिकच्या वेष्टनातली) गोळी बहुधा पुरते. बंदुकीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा मात्र पाळाच. गोळी बारुदीला टेकेपर्यंत गजाने ठासा आणि गजावर खूण करून ठेवा. मध्ये फट राहिली तर नळी फुगते, कधी फुटतेही. गारठलेली बंदूक उबदार खोलीत आणली की आत पाणी धरतं. बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान मिनिटभर थांबा. धुरात हरीण दिसेनासं होतं, म्हणून ते कुठल्या झाडाशी उभं आहे ते आधीच हेरा.