आखाड्याच्या वाटेवर पोटरी धरते, तो वात नव्हे

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्या मालकांचं वय ४१. घरची शेती आहे. दोन हिवाळे झाले, त्यांचा उजवा पाय थंडगार असतो. आधी तळपायाच्या कमानीत दुखायचं. आता घरून आखाड्यावर (शेतावरच्या गोठ्याकडं) निघाले की वाटेतल्या लिंबापाशी पोटरी धरते. तिथं दोन-तीन मिनिटं थांबले की मोकळं होतं, मग पुढं जातात. लाईट रात्रीची असते, गव्हाला दारं धरायला गार पाण्यात उभं राहावं लागतं, त्यानंच वात भरला असं सगळे म्हणतात. बिब्बा लावला, शेकलं, इंजेक्शनं घेतली. विडी १६व्या वर्षापासून आहे. शुगर तपासली, ती नॉर्मल निघाली. पंधरा दिवसांपासून रात्री पाय ठणकतो म्हणून बाजेखाली लोंबता सोडून झोपतात. सुगी उरकल्यावर मोठ्या डॉक्टरकडं गेलं तर चालेल का? आणि सकाळी गार पाण्यात भांडी घासताना माझीही बोटं पांढरी पडतात. मलाही तेच असेल का?
– एक भगिनी, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, सुगीची वाट पाहू नका. याच आठवड्यात जा.

तुमचं ‘लिंबापाशी’ हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. वाताचं दुखणं असं झाड बघून येत नाही. ते बसल्या जागी दुखतं, उठताना दुखतं, एखाद्या दिवशी कोसभर चाललं तरी गप्प असतं. रोज ठरल्या अंतरावर पोटरी धरायची आणि नुसतं उभं राहिलं की सुटायची, याचा अर्थ पायाला रक्त कमी पोचतंय. ड्रिपची नळी क्षारानं आतून बारीक झाली की शेवटच्या झाडापर्यंत पाणी कसंबसं जातं, तसंच हे. बसलेलं असताना तेवढं रक्त पुरतं. चालायला लागलं की पोटरीला कितीतरी जास्त लागतं, आणि तिथं कमी पडतं.

पण मला खरी काळजी वाटते ती बाजेखाली लोंबणाऱ्या पायाची. पाय खाली सोडला की उतारानं थोडं रक्त उतरतं, म्हणून बरं वाटतं. म्हणजे आता पडल्या पडल्यासुद्धा रक्त पुरत नाही. या अवस्थेत साधी ठेच, नखाचा कोपरा, बिब्ब्याचा चट्टा भरून येत नाही आणि बोट काळं पडायला वेळ लागत नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक ऊसतोड कामगार अशीच पोटरी घेऊन यायचे. मी चार महिने वाताच्या गोळ्या दिल्या. एकदाही त्यांचा पाय हातात घेतला नाही. पाचव्या महिन्यात ते आले तेव्हा अंगठा काळा पडला होता, तो काढावा लागला. ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पाय दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाचा पाय मी हातात घेतो. म्हातारी माणसं पाय मागं ओढतात, ‘डॉक्टर, पायाला हात नका लावू’ म्हणतात. मी लावतोच.

तुम्हीही आज रात्री लावून बघा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेतून घोट्याकडं सरळ वर या. पावलाच्या उंचवट्यावर तीन बोटं हलकेच टेकवा. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागं. दोन्हीकडं नाडी उडते. वरची नाडी काही धडधाकट माणसांतही लागत नाही, म्हणून डावा-उजवा ताडून पाहा. आणि नाडी लागल्यासारखी वाटली तरी दवाखाना टाळू नका.

एवढ्या कमी वयात, शुगर नसताना, तळपायापासून सुरू झालेलं दुखणं आणि २५ वर्षांची विडी, हे सगळं एकत्र पाहिलं की मला बर्गरच्या आजाराचा संशय येतो. लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचं वर्णन केलं. त्यात हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात आणि आत गुठळी बसते. गार पाण्यानं शिरा आकसतात, त्रास वाढतो हे खरं, पण मूळ कारण पाणी नाही. मूळ तंबाखूत आहे. विडी सोडून तंबाखूची गोळी दाढेला धरली तर काहीच सोडलं नाही असं समजा. दिवसाला एक विडीसुद्धा आजार जागा ठेवते. जे पूर्ण सोडतात त्यांचा पाय बहुतेक वेळा वाचतो, हे मी मालकांना समोर बसवून सांगितलं असतं. एकट्यानं सुटत नसेल तर १८०० ११ २३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा, मदत मिळते.

बिब्बा आजपासून बंद. शेकोटी, गरम पाण्याची पिशवी, कढत पाणी हेही बंद. रक्त कमी असलेली कातडी लगेच भाजते, आणि पाय बधिर झाला असेल तर कळतही नाही. लोकरीचे सैल मोजे घाला, दारं धरताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट. रोज बोटांच्या बेचक्या बघा, कुरूप ब्लेडनं कापू देऊ नका. चालून चालून शिरा मोकळ्या होतात असं कुणी सांगेल. रात्रीचं दुखणं नसतं तर मीही रोज चालायला सांगितलं असतं. आता आधी तपासणी.

परभणीच्या जिल्हा रुग्णालयात सर्जनना दाखवा. दंडाचं आणि घोट्याचं बीपी घेऊन ताडतात. दंडाला १४० आणि घोट्याला ८४ आलं तर ८४ भागिले १४०, हिशेब ०.६ होतो, आणि ०.९ किंवा त्याहून कमी म्हणजे वाट अडली. मग डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. तिथून छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं तर मागं फिरू नका. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि जनआरोग्य योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारा.

एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवा. पाय अचानक पांढराफटक, गार पडला, असह्य दुखायला लागला, बोटं हलेनाशी झाली, तर सकाळ होऊ देऊ नका. १०८ बोलवा. असा पाय वाचवायला साधारण सहा तासच हाताशी असतात.

तुमच्या बोटांचं बहुधा वेगळं आहे. गारव्यानं बोटं पांढरी, मग निळसर, ऊब आली की लाल होत असतील तर त्याला रेनॉ म्हणतात. दोन्ही हातांना सारखं होत असेल आणि जखम नसेल तर फारशी भीती नाही. पाणी कोमट करून घ्या, मशेरी लावत असाल तर सोडा. मात्र बोटाच्या टोकाला जखम झाली, हाताची कातडी ताठ व्हायला लागली, घास गिळताना अडकला, सांधे सुजले किंवा एकाच हाताला होत असेल, तर मालकांना घेऊन जाल त्याच दिवशी स्वतःचाही केसपेपर काढा.