सूचनेतले शब्द आणि फोनवरचे शब्द

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या संगणकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. महाविद्यालयाने तिला ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील ‘क्लाउड कम्प्युटिंग’ हा एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांच्या ऑनलाइन उपक्रमाचा, १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटसाठी पूर्ण करण्यास सांगितले आहे. त्या सूचनेतील एनरोलमेंट, असाइनमेंट, प्रॉक्टर्ड परीक्षा, एबीसी आयडी हे शब्द घरात कोणालाच नीट उलगडले नाहीत. त्याच आठवड्यात एका खासगी संस्थेच्या प्रतिनिधीने फोन करून ४८ हजार रुपयांच्या कोर्समध्ये ‘या सगळ्या टर्म्स पक्क्या करून घेतो’ असे सांगितले. ते पैसे भरावेत का आणि लॅपटॉप लगेच घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

केवळ शब्द कळावेत म्हणून ४८ हजार रुपये भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या क्षेत्रात शब्द शेकडो आहेत आणि दरवर्षी त्यांत भर पडते. ते सगळे पाठ करून कोणी पुढे गेल्याचे मी पाहिलेले नाही. ज्या शब्दामागे गुण, पैसा किंवा शेवटची तारीख दडलेली आहे, तेवढेच आधी समजून घ्यावेत. आपल्या कन्येच्या सूचनेत असे शब्द मोजकेच आहेत.

सर्वांत जास्त घोटाळा ‘एनरोलमेंट’ आणि ‘एक्झाम रजिस्ट्रेशन’ या दोन शब्दांत होतो. एनरोलमेंट म्हणजे कोर्सला नाव नोंदवणे. ते विनामूल्य असते आणि त्यानंतर व्हिडिओ, टिपणे, असाइनमेंट (म्हणजे दर आठवड्याला सोडवायचा स्वाध्याय) सगळे खुले होते. परंतु त्यामुळे परीक्षेला बसण्याचा हक्क मिळत नाही. परीक्षेसाठी वेगळा अर्ज भरावा लागतो, त्याचे शुल्क वेगळे असते आणि मुदतही वेगळी असते. एनपीटीईएलच्या परीक्षेचे शुल्क गेली काही वर्षे एका कोर्सला साधारण १००० रुपये राहिले आहे. तीन महिने मन लावून व्याख्याने ऐकूनही केवळ हा दुसरा अर्ज राहिल्यामुळे क्रेडिट हुकलेले विद्यार्थी दर सत्रात माझ्याकडे येतात आणि त्या वेळी सांगण्यासारखे माझ्यापाशी फारसे काही नसते.

दुसरा फसवा शब्द ‘रेकॉर्डेड’ हा आहे. व्याख्यान ठरलेल्या वेळी थेट चालत असेल तर त्याला लाइव्ह किंवा सिंक्रोनस म्हणतात. आधी चित्रित केलेले, हवे तेव्हा पाहता येणारे असेल तर ते असिंक्रोनस. यावरून ‘रेकॉर्डेड आहे, म्हणजे सुट्टीत एकदम उरकू’ असा समज होतो. तो चुकीचा आहे, कारण आपल्या सोयीने केव्हाही पूर्ण करता येणारा ‘सेल्फ-पेस्ड’ कोर्स ही वेगळी गोष्ट आहे. एनपीटीईएलमध्ये व्हिडिओ केव्हाही पाहता येतो, पण प्रत्येक आठवड्याची असाइनमेंट मुदतीतच द्यावी लागते. १२ आठवड्यांच्या अशा कोर्समध्ये सर्वसाधारणपणे उत्तम ८ असाइनमेंटची सरासरी धरून २५ गुण आणि अंतिम परीक्षेचे ७५ गुण, अशी विभागणी असते. प्रमाणपत्रासाठी पहिल्या भागात किमान १० आणि दुसऱ्या भागात किमान ३० गुण लागतात. म्हणजे चार असाइनमेंट हुकल्या तरी चालते. मात्र ही सवलत आजारपणासाठी किंवा गावी वीज गेलेल्या दिवसासाठी राखून ठेवावी.

‘प्रॉक्टर्ड’ म्हणजे देखरेखीखालची. काही खासगी संस्था घरच्या संगणकाच्या कॅमेऱ्यावरून अशी देखरेख करतात. एनपीटीईएलची परीक्षा मात्र नेमून दिलेल्या केंद्रावर, पर्यवेक्षकांसमोर, संगणकावर द्यायची असते. तेव्हा अर्ज भरतानाच जवळचे केंद्र निवडावे.

आता ‘क्रेडिट’कडे वळू, कारण प्रमाणपत्र, क्रेडिट आणि पदवी या तीन गोष्टी फोनवर बोलणारे लोक सोयीस्करपणे एकाच माळेत ओवतात. प्रमाणपत्र कोणतीही संस्था देऊ शकते. क्रेडिट म्हणजे विद्यापीठाने पदवीच्या हिशेबात धरलेला अभ्यासाचा भार. एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारणतः ३ क्रेडिट धरले जातात, पण ते स्वीकारायचे की नाही हे अखेर आपले विद्यापीठच ठरवते. पदवी फक्त विद्यापीठालाच किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच देता येते आणि ऑनलाइन पदवी असेल तर तो अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, हे पाहावे लागते. एबीसी आयडी हा २०२१ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधील कन्येच्या खात्याचा ओळख क्रमांक समजावा. मिळवलेले क्रेडिट तेथे जमा होतात. हे खाते डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधून विनामूल्य उघडता येते. त्यासाठी सायबर कॅफेत पैसे मोजण्याची गरज नाही. नाव मात्र आधारवर आणि महाविद्यालयाच्या नोंदीत सारखेच असावे, नाहीतर पुढे जुळणी होत नाही.

फोनवरच्या शब्दांपैकी दोनच पुरे. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे नोकरी शोधायला मदत. त्यात नोकरीची हमी नाही. आणि ‘नो-कॉस्ट ईएमआय’ हे बहुतेक वेळा आपल्या नावावर एखाद्या वित्तसंस्थेने दिलेले कर्ज असते, त्यामुळे मुलीने कोर्स मध्येच सोडला तरी हप्ते थांबतीलच असे नाही. लेखी करार वाचायला मागावा; तो देण्यास प्रतिनिधीने टाळाटाळ केली तर आपल्याला उत्तर मिळाले, असे समजावे.

लॅपटॉपबाबत आपण ‘दुकानदार ५१२ जीबी म्हणतो, म्हणजे वेगवान असेल ना?’ असे लिहिले आहे. तसे नाही. ५१२ जीबी ही साठवणुकीची जागा, म्हणजे धान्याची कणगी. रॅम म्हणजे काम करताना समोर पसरलेला ओटा. ओटा लहान असेल तर कणगी भरलेली असूनही स्वयंपाक रखडतो. तिच्या अभ्यासाला ८ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, असलेले साधे यंत्र पुरे आहे. तिचा विषय क्लाउडचा आहे, आणि क्लाउड म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधील संगणक इंटरनेटवरून वापरणे. तेव्हा त्यासाठी घरात महागडे यंत्र असावे लागत नाही. या सत्रापुरते महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि मोबाईल यांवरही भागेल.

डेटाचा हिशेब मात्र करून ठेवावा. इंटरनेटचा वेग ‘एमबीपीएस’मध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये सांगतात आणि डेटा पॅक गिगाबाइटमध्ये विकतात, ८ बिट मिळून १ बाइट होतो. १ एमबीपीएस गतीने चालणारा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी खातो. रोजच्या दीड जीबीत असे सव्वातीन तास निघतात. घरातील इतरांचे मोबाईलही त्याच पॅकवर चालत असतील, तर व्याख्याने महाविद्यालयाच्या वायफायवर डाउनलोड करून घ्यावीत.

परीक्षा-अर्जाची शेवटची तारीख आपण पत्रात कळवलेली नाही. कन्येने उद्याच स्वयम्वर लॉगिन करून, आपला कोर्स उघडून ती पाहावी आणि या कोर्सचे क्रेडिट विद्यापीठ नेमके कोणत्या विषयाच्या जागी धरणार आहे, हे महाविद्यालयातील स्वयम् समन्वयकांकडून लेखी घ्यावे. ते उत्तर ‘धरणार नाही’ असे आले, तर शुल्क भरण्याआधी मला कळवावे.