वाचक विचारतात : जुने अल्बम, जुने सिनेमे

प्रश्न : पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' सगळे डोक्यावर घेतात म्हणून मी फोनवर लावला, चार-पाच गाणी ऐकली. काही मधेच तुटल्यासारखी वाटतात, काही लवकर सुरूच होत नाहीत. एवढं काय आहे त्यात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही तो शफलवर, म्हणजे गाण्यांचा क्रम उलटसुलट करून, ऐकलात असं दिसतंय आणि शफलवर ऐकला की या अल्बमचा जीवच जातो हो. 1973चा अल्बम आहे, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड झालेला, एलपीच्या (मोठ्या रेकॉर्डच्या) दोन बाजू मिळून साधारण 43 मिनिटं, आणि गाणी एकमेकांत मिसळत जातात त्यामुळे एक संपलं कुठे आणि दुसरं लागलं कुठे ते कळू नये अशीच रचना आहे. सुरुवातीला हृदयाचे ठोके येतात, शेवटीही तेच. मग मधलंच एखादं गाणं उचललं तर ते तुटणारच ना! शफल बंद करा, क्रॉसफेडही (एक गाणं संपता संपता त्यावर दुसरं चढवणारी सोय) बंद करा, हेडफोन लावा आणि पहिल्यापासून सलग ऐका.

आणि 'मनी' आलं की जरा कान देऊन ऐका. नाणी, गल्ल्याचं मशीन, कागद फाटल्याचा आवाज, हे सगळं टेपचे तुकडे कापून जोडून बनवलेलं आहे आणि त्याच ठेक्यावर बेस गिटार येतं, सात मात्रांमध्ये. रूपक ताल ऐकलेल्या आपल्या कानांना सातची सवय असते, त्यामुळे आपण पटकन धरतो. सॅक्सोफोनचा सोलो पण सातातच जातो आणि गिटारचा सोलो सुरू झाला की गाणं चारावर उतरतं, ती जागा मला प्रत्येक वेळी नव्याने आवडते.

पण मला विचाराल तर अल्बमचं शिखर म्हणजे पहिल्या बाजूचा शेवट, 'द ग्रेट गिग इन द स्काय'. गायिका क्लेअर टोरी तिथे एकही शब्द न गाता नुसत्या आवाजावर सगळं सांगून जाते. ती चाल तिने माइकसमोर उभं राहून रचली, तरी सहसंगीतकार म्हणून तिचं नाव लागायला 2005 साल उजाडावं लागलं, तेही कोर्टात गेल्यावर. हे मला आजही खटकतं.

प्रश्न : 'जैत रे जैत'ची गाणी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत पण सिनेमा कुणीच बघितलेला नाही. गाणी एवढी भारी आहेत, मग सिनेमा बघायची गरज आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आहे, शंभर टक्के आहे! 1977चा जब्बार पटेलांचा सिनेमा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. यात गाणी गोष्ट थांबवून येत नाहीत, तीच गोष्ट पुढे नेतात. आता 'मी रात टाकली' घ्या. गॅदरिंगला, लग्नाच्या संगीतला लोक त्यावर मस्त नाचतात, नाचू देत, पण सिनेमात ते चिंधीचं गाणं आहे. चिंधी म्हणजे स्मिता पाटील, नवरा नको म्हणून त्याला सोडून आलेली ठाकर या आदिवासी जमातीतली बाई. मोडलेल्या संसाराची लाज टाकली असं ती गाते तेव्हा ते नुसतं आनंदाचं गाणं राहत नाही, त्यात हिंमत दिसते. लताबाईंचा आवाज तोच, पण स्मिताचा चेहरा बघितल्यावर तो वेगळाच ऐकू येतो, खरंच सांगते.

नाग्या म्हणजे मोहन आगाशे, भगताचा पोरगा, ढोल वाजवणारा. मधमाशीने डोळा घेतला म्हणून तो लिंगोबाच्या डोंगरावरची मधाची पोळी झाडायची शपथ घेतो. 'लिंगोबाचा डोंगुर' तुम्हाला पाठ असेलच, पण तो कडा पडद्यावर बघा, मग त्या गाण्यात भीतीपण आहे हे कळतं. शेवट मी सांगणार नाही. पोरांना शेजारी बसवून बघा आणि गाणं आलं की पुढे ढकलू नका एवढंच.

प्रश्न : गुरुदत्तचा 'प्यासा' मोठा की 'कागज़ के फूल'? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : माझ्यासाठी 'प्यासा' (1957). साहिरची शायरी आणि एस. डी. बर्मनचं संगीत कथेत इतकं मुरलेलं आहे की नायक बदनाम गल्लीतून चालत जातो ते गाणं वेगळं काढताच येत नाही. 'कागज़ के फूल' (1959) कथेत मला ढिला वाटतो, पण व्ही. के. मूर्तींची फोटोग्राफी काय आहे! 'वक़्त ने किया'मध्ये रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत त्यांनी आरशांनी खरं ऊन आत वळवून आणला होता. गीता दत्तचा आवाज आणि तो झोत, एवढ्यासाठी तरी बघाच आणि जमलं तर मोठ्या पडद्यावर बघा, कारण तो सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद पडद्यासाठी, शूट केलेला आहे, फोनवर त्याची अर्धी मजा जाते.