रवांडा १९९४ : यादवी, नरसंहार की वंशसंहार?

आफ्रिकेतील रवांडा या देशातील १९९४ च्या घटनांना ‘यादवी’ म्हणावे, ‘नरसंहार’ म्हणावे की ‘वंशसंहार’, आणि हुतू व तुत्सी या तेथील दोन समाजांची भाषा व धर्म एकच असताना ‘वंश’ हा शब्द तेथे लागू पडतो का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

यांतील ‘यादवी’ मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो. यादव आपसांत लढून संपले, त्यावरून हा शब्द आला. म्हणजे मरणाऱ्याच्या हातीही शस्त्र होते, असे तो गृहीत धरतो. ऑक्टोबर १९९० पासून रवांडात यादवी युद्ध चालू होते, हे खरे. परंतु ७ एप्रिल १९९४ पासूनच्या सुमारे १०० दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, जी ८ लाखांहून अधिक माणसे मारली गेली, त्यांतील बहुतेक तुत्सी होती, आणि ती रणांगणावर नव्हे, तर घरांत, आश्रय घेतलेल्या चर्चमध्ये आणि नाक्यानाक्यांवर ओळखपत्र पाहून मारली गेली. हुतू कट्टरपंथीयांनी केलेल्या या कत्तलीला विरोध करणारे हुतूही त्यातून सुटले नाहीत. ‘नरसंहार’ खोटा नाही, पण तो केवळ संख्या सांगतो, हेतू सांगत नाही.

‘वंश’ या शब्दाबद्दलची शंका रास्त आहे. रवांडाच्या किन्यारवांडा भाषेत ‘उब्वोको’ म्हणजे कूळ, आणि एकाच कुळात हुतू व तुत्सी दोघेही असत. बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी किंवा त्वा (तेथील तिसरा, लहान समाज) अशी नोंद सक्तीची केली आणि उब्वोको शब्दाचा अर्थच पालटून ‘वांशिक गट’ असा झाला. पुढे तुत्सींना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळे, म्हणणाऱ्या रेडिओला श्रोते मिळाले, ते या नोंदींनी घडवलेल्या समाजातच. या गुन्ह्यांसाठी टांझानियातील अरुशा येथे नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये अकायेसू या रवांडातील माजी महापौरावरील खटल्याचा निकाल देताना ओळखपत्रांवरील नोंदही विचारात घेऊन तुत्सींना वंशसंहारविरोधी कायद्याने संरक्षित गट मानले, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते, असा निर्णय दिला. तेव्हा वंश रक्ताने वेगळा होता का, हे येथे गौण आहे. मारणाऱ्यांनी तो वेगळा मानला आणि निर्वंश करण्यासाठीच मारले.

रवांडातील लोकांनी स्वतः ‘इत्सेम्बाब्वोको’ हा शब्द वापरला, ज्यात समूळ नाश आणि ‘उब्वोको’ हे दोन्ही अर्थ आहेत; ‘वंशसंहार’ त्याच्या अगदी जवळ जातो. मात्र नुसते ‘रवांडातील वंशसंहार’ लिहिल्यास तो कोणाचा, हे अध्याहृत राहते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१८ मध्ये स्मृतिदिनाच्या नावात तुत्सींचा स्पष्ट उल्लेख केला. म्हणून मराठीतही ‘रवांडातील तुत्सींचा वंशसंहार’ असे पूर्ण लिहावे.