कोणाचो रे तू? गॅलिसियाच्या म्हणी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी गॅलिसियाबद्दल लिहिलं होतं. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला, पोर्तुगालच्या डोक्यावर बसलेला तो हिरवा, सदा ओला प्रदेश, जिथे मी तीन वर्षं राहिले. त्यात दोन-तीन म्हणी जाता जाता आल्या होत्या, तर तुमची सगळी पत्रं त्या म्हणींवरच! मला फार बरं वाटलं, कारण मलाही ते लोक आठवतात ते त्यांच्या बोलण्यानेच. जमतील तेवढी उत्तरं देते.

ताई, खेड्यातल्या एका आजीने तुम्हाला नाव न विचारता "तू कोणाची?" असं विचारलं म्हणून लिहिलंत. हे तर थेट आमच्याकडचं! मूळ शब्द काय आहेत?
– एक वाचक, सावंतवाडी

मूळ वाक्य असं: "ए ती दे केन बेस सेन्दो?" शब्दाला शब्द लावला तर "आणि तू कोणाची होत येतेस?" असं काहीतरी विचित्र होतं, पण अर्थ अगदी तुमच्या "कोणाचो रे तू?"चाच. म्हणजे कुठल्या घरातली, कोणाची लेक, कोणाची नात. गॅलिसियाची लोकसंख्या 27 लाखांच्या आसपास, पण वस्त्या मात्र 30,000च्या घरात, सगळ्या स्पेनमधल्या जवळजवळ निम्म्या वस्त्या त्या एवढ्याशा भागात आहेत. दहा घरांची एक वाडी, मग शेत, मग चढ, मग पुन्हा सात घरं. आडनावं बघावीत तर सगळीकडे तीच तीच, त्यामुळे आडनाव सांगून काही उपयोग नाही, घराचं नाव सांगावं लागतं. लोहाराचं घर, वरचं घर, ओढ्याकाठचं घर. त्या घरात लोहारकाम बंद होऊन दोन पिढ्या झाल्या तरी नाव तेच.

मला विचारलं तेव्हा ती आजी ओररेओखाली बसून बटाटे निवडत होती (ओररेओ म्हणजे दगडी खांबांवर उभी केलेली धान्याची कोठी, खांबांच्या वर आडवे चपटे दगड, उंदीर चढू नयेत म्हणून). मी म्हटलं, भारतातली. तिने मान हलवली, ते कळलं गं, पण कोणाची? मग मला सुचेना, शेवटी मी माझ्या कुडाळच्या आजोळाला गावात जे म्हणतात ते सांगितलं, वरच्या घरातली. तिने ते दोनदा स्वतःशी म्हटलं, "वरच्या घरातली", आणि बाजूचं स्टूल पुढे सरकवलं. लहानपणी कुडाळला बाजारात कोणी "कोणाचा गो चेडू तू?" म्हणून थांबवलं की मला राग यायचा, त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं.

गॅलिसियन ही स्पॅनिशचीच बोली ना? मग सरळ "स्पॅनिश म्हणी" का म्हणत नाही?
– एक वाचिका, नाशिक

नाही हो, ही गल्लत मी पुन्हा पुन्हा बघते म्हणून जरा नीट सांगते. गॅलिसियन वेगळी भाषा आहे, आणि तिचं जवळचं नातं स्पॅनिशपेक्षा पोर्तुगीजशी आहे, मध्ययुगात या दोघी एकच होत्या. नंतर पोर्तुगालचं राज्य झालं, त्यांची भाषा दर्यापार गेली, आणि गॅलिसियन मात्र शेतात आणि होडीवर राहिली, कचेरीत आणि देवळात स्पॅनिश. 1745 साली मार्तीन सार्मिएन्तो नावाचे एक बेनेडिक्टाइन साधू गॅलिसियात फिरून लोकांच्या तोंडचे शब्द टिपत होते, तेव्हा शिकलेल्या माणसाने असं करणं हीच मोठी गोष्ट होती. पुढे स्पेनचा हुकूमशहा फ्रँको, जो स्वतः गॅलिसियातल्या फेरोल गावचा, त्याच्या राजवटीत शाळेत मुलांनी गॅलिसियन बोलायची सोय नव्हती. 1981 मध्ये तिला स्पॅनिशच्या बरोबरीचा अधिकृत दर्जा मिळाला. म्हणजे मधली कित्येक शतकं ही भाषा लिहिण्यापेक्षा बोलण्यातच तगली, आणि म्हणी ही तिची शाळा होती असं मला मनापासून वाटतं. म्हणून "स्पॅनिश म्हणी" म्हणवत नाही.

आणि आपल्याशी नातं म्हणाल तर आहे, पोर्तुगीजांमार्फत. आपली चावी पोर्तुगीजांकडून आली ना, आज लिस्बनमध्ये तो शब्द "श"ने उच्चारतात, पण गॅलिसियात अजून "चाबे", आपल्यासारखाच "च". आणि घमेलं! आपल्याकडे बांधकामावर वाळू वाहायला असतं ते. तो शब्दही पोर्तुगीज "गामेला"वरून आला. गॅलिसियाच्या दक्षिण किनाऱ्यावर गामेला म्हणजे सपाट बुडाची छोटी होडी. मी पहिल्यांदा किनाऱ्यावर उपडी ठेवलेली बघितली तेव्हा म्हटलं, अरे हे तर मोठं घमेलंच आहे.

माझ्या मिस्टरांच्या टीममध्ये एक गॅलिसियन आहे. काम वेळेत होईल का विचारलं की तो "मालो सेरा" म्हणतो, ट्रान्सलेट केलं तर "वाईट असेल" येतं! सगळे टेन्शनमध्ये. नाहीतर मग "देपेन्दे". हा माणूस हो म्हणतोय की नाही?
– एक वाचिका, पुणे

हो म्हणतोय! त्यांना सांगा निश्चिंत राहा. "मालो सेरा" हे अर्धं वाक्य आहे, पुढचं अर्धं गिळलेलं असतं. पूर्ण अर्थ असा की जमलं नाही तर ते फारच वाईट म्हणायचं, आणि एवढं वाईट काही होत नसतं. आपण म्हणतो ना, "होईल हो, न व्हायला काय झालंय", तेच. परीक्षेला निघालेल्या पोराला आई म्हणते, ऑपरेशनच्या आधी नवरा बायकोला म्हणतो, गाडी चालू होत नसेल तर बॉनेट उघडता उघडता शेजारी म्हणतो. ट्रान्सलेटरला गिळलेलं अर्धं वाक्य ऐकू येत नाही, त्याला तो काय करणार.

"देपेन्दे" म्हणजे "बघू, अवलंबून आहे". यावरून बाकीचा स्पेन त्यांना फार चिडवतो, म्हणतात की गॅलिसियन माणूस जिन्यात भेटला तर चढतोय की उतरतोय कळत नाही. मला हे चिडवणं कधी पटलं नाही. ज्याचं पोट समुद्रावर आहे तो उद्याबद्दल आज "हो" कसा म्हणेल? तिथे परसेबे नावाचा एक समुद्री जीव मिळतो, लाटा फुटतात त्या खडकांना चिकटलेला, तो खरवडून काढणारे लोक दोन लाटांच्या मधल्या वेळात खाली उतरतात आणि धावत वर येतात, समुद्राकडे पाठ करू नकोस हा त्यांचा पहिला धडा. अशा माणसाला उद्या येशील का विचाराल तर तो "देपेन्दे"च म्हणणार, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे.

पण हेच लोक ठाम बोलतात तेव्हा कसे बोलतात तेही सांगते. नोव्हेंबर 2002 मध्ये प्रेस्टीज नावाचं तेलाचं जहाज, सुमारे 77,000 टन इंधन तेल घेऊन, त्यांच्या किनाऱ्यासमोर अडचणीत आलं आणि सहा दिवसांनी दोन तुकडे होऊन बुडालं. काळं चिकट तेल खडकांवर, वाळूवर, पक्ष्यांवर. लोक पांढरे डगले घालून हातांनी ते उपसत होते. तेव्हा कोणी "मालो सेरा" म्हणालं नाही, "देपेन्दे" म्हणालं नाही. भिंतींवर, झेंड्यांवर दोनच शब्द होते, "नुंका माइस". पुन्हा कधीच नाही.

पावसावर त्यांच्याकडे खूप म्हणी असतील ना? एखादी सांगा.
– एक वाचक, महाबळेश्वर

महाबळेश्वरहून पत्र आलंय म्हणून दोन सांगते! सगळ्यात लाडकी ही: "नुंका चोबेउ के नोन एस्कांपारा", पडून थांबला नाही असा पाऊस कधी पडलाच नाही. संकटातल्या माणसाला धीर द्यायला म्हणतात. दुसरी पोरांची, "कांदो चोबे ए फाइ सोल, आंदा ओ देमो पोर फेरोल", उन्हात पाऊस पडला की फेरोलात सैतान फिरतो. आपल्याकडे त्याच वेळी कोल्ह्याचं लग्न लागतं. शब्दही भरपूर आहेत, भुरभुर असेल तर ओरबाय्यो, गडगडाटासकट आला तर त्रेबोआदा, गारा असतील तर साराबिआ. छत्री न्यायची की नाही ते शब्दावरूनच कळतं.

"काही तिखट, काही नाही" ही म्हण मिरच्यांबद्दल आहे असं वाचलं. खरं का?
– एक वाचक, कोल्हापूर

खरंय. पाद्रोन गावच्या मिरच्यांची म्हण, "ऊन्स पीकान ए ओउत्रोस नोन". बोटभर हिरव्या मिरच्या, अख्ख्या ऑलिव्ह ऑइलमध्ये टाकायच्या, सालीला फोड आले की काढायच्या, वर जाडं मीठ. देठ धरून खायच्या. दहा गोड निघतात आणि अकरावी टाळूला भिडते. उन्हाळा चढत जातो, झाडाला पाणी कमी पडतं, तसतशा तिखट जास्त निघायला लागतात. बियाणं अमेरिकेतून आलं आणि पाद्रोनजवळच्या एर्बोनच्या फ्रान्सिस्कन मठात रुजलं असं तिथे सांगतात. आपली मिरचीही अमेरिकेतलीच, पोर्तुगीजांबरोबर आलेली. तुम्ही कोल्हापूरकर, तुम्हाला अकरावीही गोड लागेल. माणसांबद्दलही ही म्हण वापरतात.

व्यवहारावर काही आहे का?
– एक वाचक, लासलगाव

"आमिगीन्योस सी, पेरो आ बाकीन्या पोलो के बाले." मैत्री आहेच, पण गाईची जी किंमत ती किंमत. यातली गंमत ऐका, मित्र आणि गाय दोन्ही शब्दांना "ईन्यो-ईन्या" लावलाय, म्हणजे लाडाने, "मित्रुल्या, गाय गं माझी". भाव ठणकावून सांगायचा, पण आवाज गोड ठेवून.

तिथले लोक चेटकिणींवर विश्वास ठेवतात का?
– एक वाचिका, रत्नागिरी

त्यांनाच विचारा, ते म्हणतील, "माझा मेइगांवर विश्वास नाही, पण... अबेलास, आइनास." असायच्या म्हणाल, तर आहेत! मेइगा म्हणजे चेटकीण. तुम्ही रत्नागिरीच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्याकडेही भुतंबितं काही नसतात म्हणणारा माणूस रात्री त्या वडाखालून जात नाही.

पण मला याहून जवळची वाटते ती तेइशीदोच्या सांतो आंद्रे देवळाची म्हण. उंच कड्यांवरचं छोटं देऊळ, खाली अटलांटिक. म्हण अशी की जिवंतपणी जो तिथे गेला नाही त्याला मेल्यावर जावंच लागतं, आणि मेलेला जातो तो साप, पाल, बेडूक अशा एखाद्या जिवाच्या रूपात. म्हणून त्या वाटेवर कुठल्याच जिवाला पायाखाली येऊ देत नाहीत. आम्ही चाललो होतो तेव्हा पुढे एक वयस्कर बाई होत्या, त्या मध्येच थांबल्या, सगळी रांग थांबली. वाटेवर एक सरडा ऊन खात बसला होता. त्यांनी काठीसुद्धा आपटली नाही, नुसतं म्हणाल्या, "पासा, पासा", जा बाबा, जा. तो आपल्या वेळेने गेला, मग आम्ही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं सांतियागोची पदयात्रा करणार आहोत, वय 61 आणि 58. कुठले शब्द पाठ करू?
– एक वाचक, ठाणे

किती छान, गॅलिसियाच्या सांतियागो शहरापर्यंत चालत जायची ती ख्रिस्ती यात्रा! तीन पुरेत. "ग्राथीन्यास" म्हणजे थँक्यू, पण तोच लाडाचा "ईन्या" लावलेला, हा शब्द ऐकला की दुकानदार दोन फळं जास्त टाकतो, माझा अनुभव आहे. "बो कामीन्यो" म्हणजे वाट सुखाची होवो, हे वाटेत भेटेल त्याला म्हणायचं. आणि "आमोदीन्यो", सावकाश, हळूहळू. चढावर कोणी बसलेलं दिसलं तर ते तुम्हाला हेच म्हणतील, आणि तुम्ही ते खरंच ऐका, पहिल्याच दिवशी पंचवीस किलोमीटर करायला जाऊ नका. कोणी "बेस सेन्दो" विचारलं तर घराचं नाव सांगा. आणि ऑक्टोबर आहे, रेनकोट बॅगेत अगदी वर ठेवा.