घरच्या मशीनवर मखमली ब्लाउजची एम्ब्रॉयडरी शिकायला कोणतं मशीन घ्यावं आणि सुरुवातीला किती कापड वाया जाईल?

मशीनचं नंतर बघू. मखमल वाया जाते ती फ्रेममध्ये, आणि त्याला जबाबदार आहे "कापड ढोलकीसारखं ताणून बसवा" हा सरसकट सल्ला. पॉपलिनला ठीक. मखमलीची मात्र दोन रिंगांमध्ये लव (वरचे मऊ, उभे तंतू) चिरडते आणि नक्षीभोवती चकचकीत वळ राहतो. मरून रंगाच्या बाहीवर उठलेला असा वळ वाफ देऊन, ब्रश फिरवून अर्धाच गेला. उरलेला उजेडात धरलं की दिसतो. शिकवणाऱ्यांचं म्हणणं, "स्क्रू नीट आवळला नव्हता." अहो, आवळला होता म्हणूनच तर!

फ्रेममध्ये ताणायचा तो फक्त कट-अवे पेपर, म्हणजे कापडाखालचा आधार, जो नंतर कात्रीनं कापून काढतात. त्यावर तात्पुरत्या चिकट स्प्रेचा हलका फवारा, तोही मशीनपासून लांब. जास्त झाला की सुई चिकट होते आणि धागा तुटत राहतो. वर मखमल न ओढता हातानं बसवायची, तिच्यावर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म, आणि नक्षीच्या बाहेरून मोठ्या टाक्यांची कच्ची चौकट मशीननेच घालून घ्यायची. टिअर-अवे (हातानं फाडून काढायचा) पेपर नको. दाट टाक्यांत तो सुईच्या भोकांवरून फाटतो आणि आउटलाइन सरकते.

त्याच बाहीवर नक्षी लवेत बुडालीही होती. अशा वेळी बरेच जण टाके आणखी दाट करतात, मग कापडाचा पत्रा होतो. सॅटिन टाक्यांना (शेजारी शेजारी घातलेले गुळगुळीत भरीव टाके) 0.4 मिमी अंतर पुरतं. कमी पडतो तो अंडरले, म्हणजे नक्षीखालचे पायाचे टाके. फिल्म धुतली की लव टाक्यांमधून पुन्हा डोकं वर काढते, म्हणून खाली आधी जाळीदार टाके घालून तिला कायमचं झोपवावं लागतं. वेलीचा देठ 1 मिमीचा असेल तर 2 करा. 6 मिमीपेक्षा लहान अक्षरं मखमलीवर घालूच नका.

सुई 75/11, नवी. वेग मिनिटाला 500–600 टाके. इस्त्री टेकवायची नाही. टर्किश टॉवेलवर उलटी ठेवून वरून वाफ द्यायची. उसवून दुरुस्ती होईल हा भ्रम सोडा: भोकं राहतात, लवही उपटते. म्हणून बाही बेतण्याआधी त्याच ताग्यातल्या मखमलीच्या तुकड्यावर एक पूर्ण फूल काढून बघा. दोन्ही बाह्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एक बाही फिकट वाटते.

एम्ब्रॉयडरी मशीन कुठलंही चालेल, फक्त 130×180 मिमीची फ्रेम बसणारं घ्या. 100×100 मध्ये बाहीची बॉर्डर जोडत बसावी लागते, आणि न आवळलेल्या कापडावर तो जोड जुळवणं कटकटीचं.

हे सगळं न ताणणाऱ्या (वोव्हन) मखमलीचं. स्ट्रेच वेल्वेटला बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लागते. आणि रेयॉनच्या मखमलीवर पाण्याचे डाग पडू शकतात, तेव्हा फिल्म आधी हातानं फाडून काढा, उरलेली ओल्या कापसानं टिपा.